तुमचं नाव घ्या! ऑनलाइन वर्गातल्या पहिल्या तासाबद्दल

(ऑनलाइन वर्ग चालवणाऱ्यांच्या एका मेळाव्यातलं व्याख्यान. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं संपादित केलंय, बोलण्याची ढब तशीच ठेवलीय.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय छापलाय, "ऑनलाइन कोर्समध्ये ओळखीचे खेळ". ते खेळ मी सांगणार आहे, नक्की सांगणार आहे, वही काढून बसलेल्यांनी वही मिटू नका. पण त्याआधी मला जरा बोलू द्या, कारण ऑनलाइन वर्ग घेणारी इतकी माणसं एकाच हॉलमध्ये, कॅमेरा बंद न करता, मला परत कधी मिळतील सांगता येत नाही.

आधी एक विचारते. गेल्या ऑनलाइन कोर्समध्ये तुमच्यासोबत जे लोक होते, त्यातल्या तिघांबद्दल, नाव सोडून, एखादी तरी गोष्ट ज्यांना आठवतेय त्यांनी हात वर करा. बघा. मागे दोन, इकडे एक, आणि ताई तुम्ही अर्धा केलाय. तुम्ही सगळे त्या कोर्समध्ये आठवडेच्या आठवडे बसला होतात की नाही? आणि पहिल्या दिवशी सगळ्यांची ओळख झाली होती की नाही? झाली होती. मग ती गेली कुठे?

मी मोडी लिपी शिकवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वर्ग झूमवर आणला आणि तो तिथेच राहिला, कारण ऑनलाइन झाल्यावर जे लोक आले ते प्रत्यक्ष वर्गाला कधीच आले नसते. घरात जुन्या सनदा आणि जमिनीचे कागद पडलेत आणि ते वाचता येत नाहीत म्हणून येणारे, इतिहासाचे विद्यार्थी, रिटायर झालेले, बडोदा-इंदूरकडची मराठी माणसं, तंजावरकडचे एक जण ज्यांची मराठी ऐकून वर्ग पाच मिनिटं गप्पच झाला इतकी वेगळी आणि गोड, आणि न्यू जर्सीहून एक इंजिनियर, ज्यांच्याकडे आपली रविवारची सकाळ म्हणजे शनिवारची रात्र. अशी सगळी माणसं एका स्क्रीनवर आली की वाटतं केवढी श्रीमंती आहे ही. आणि आपण काय करतो? म्हणतो, "प्रत्येकाने एकेक मिनिटात नाव, शिक्षण, अनुभव आणि कोर्सकडून अपेक्षा सांगा."

ह्या एका वाक्यावर माझा राग आहे. मनापासून राग आहे. आणि तो कुठून आला ते सांगते, थोडं लांबेल.

मध्यंतरी मी एका संस्थेच्या ऑनलाइन कार्यशाळेला विद्यार्थी म्हणून बसले होते. संस्थेचं नाव नको, चांगली माणसं आहेत, विषयही चांगला होता, ऑनलाइन कसं शिकवावं असाच विषय होता. चाळीसेक लोक. सुरुवातीला दीपप्रज्वलनाचा फोटो स्क्रीनवर, मग स्वागत, मग पाहुण्यांचा परिचय, आणि मग ते वाक्य. एकेक मिनिट. आता चाळीस माणसं आणि एकेक मिनिट म्हणजे किती ते लहान पोरही सांगेल, आणि मराठी माणूस स्वतःच्या अनुभवाबद्दल एका मिनिटात थांबतो हे तुम्ही कुठे बघितलंय? पहिले सर सहा मिनिटं बोलले. एम.ए., बी.एड., सेट, नेट, सदतीस शोधनिबंध, दोन आंतरराष्ट्रीय परिषदा. दुसऱ्यांना वाटलं इथे असंच बोलायचं असतं, तेही तसंच बोलले. तिसऱ्या मॅडम म्यूटवर होत्या. तोंड हलतंय, हात हलतायत, सगळे ओरडतायत "मॅडम अनम्यूट, मॅडम माइक", आणि त्यांना ते ऐकूच जात नव्हतं कारण त्यांनी स्पीकरही बंद केलेला. तो संपूर्ण परिचय आम्ही मूकपटासारखा बघितला.

मग संयोजक म्हणाले, "आता स्क्रीनवर जसे दिसताय त्या क्रमाने या." हे झूम वापरणाऱ्या कुणीही कधीही म्हणू नये, कारण होस्टने क्रम पक्का केला नसेल तर गॅलरीत माणसांचा क्रम प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळा असतो. तुमच्या शेजारी जो दिसतो तो माझ्याकडे खालच्या कोपऱ्यात. मग काय, "पुढचे कोण?" "मी का?" "नाही नाही सर तुम्ही आधी", आणि तीन माणसं एकदम बोलायला लागणार आणि एकदम थांबणार. आणि ह्या सगळ्यात मीटिंग बंद पडली. फुकटचं झूम चाळिसाव्या मिनिटाला संपतं हो! दुसरी लिंक आली ती व्हॉट्सॲपवर, ती मिळेपर्यंत निम्मे लोक चहाला गेलेले, परत आले, आणि संयोजक काय म्हणाले असतील? "जे आत्ता नव्याने जॉइन झालेत त्यांच्यासाठी परत पहिल्यापासून थोडक्यात."

तुम्ही हसताय, कारण तुम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या अशा मीटिंगमध्ये बसलेले आहात. पण मला त्यातली एक बाई विसरता येत नाही. बऱ्याच उशिरा एका अंगणवाडी सेविकेचा नंबर आला. तोपर्यंत पीएचडी होऊन गेल्या होत्या, प्राचार्य होऊन गेले होते, शोधनिबंधांची मोजदाद झाली होती. त्या बाईंनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, "माझं शिक्षण बारावी आहे" एवढं म्हणाल्या आणि कॅमेरा बंद केला. पुढचे सगळे दिवस तो काळा चौकोन तसाच राहिला. आणि मंडळी, तीन ते सहा वर्षांच्या पोरांना अर्धा दिवस खिळवून ठेवणं ज्यांना जमतं, स्क्रीनवरच्या आम्हा सगळ्यांत अशा एकमेव बाई त्या होत्या. आम्ही सगळे जे शिकायला आलो होतो ते त्यांना येत होतं. आणि आम्ही तिला पहिल्याच तासात गप्प केलं. कुणी वाईट बोललं नाही, कुणी अपमान केला नाही. नुसता परिचय केला.

म्हणून मी म्हणते की हा परिचय नसतो, ही उतरंड लावणं असतं. पहिल्या तासात प्रत्येकाला कळतं आपण कितव्या पायरीवर, आणि मग पुढच्या तासाला प्रश्न कोण विचारणार आणि कोण गप्प बसणार हे तिथेच ठरून जातं. त्यात आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे, ती स्पष्ट बोलूया. आपण आडनाव का विचारतो? "कुठले म्हणालात? नाही, मूळचे कुठले?" हा प्रश्न भूगोलाचा नसतो हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहिती आहे. नाव-आडनाव-गाव एका दमात सांगायला लावलं की काहींना ते अभिमानाने सांगता येतं, आणि काही जण दर वेळी समोरच्याचा चेहरा बघत बसतात की आता काय बदलतंय का. माझ्या वर्गात स्क्रीनवर नुसतं पहिलं नाव ठेवायचं, हा पहिला नियम. डिग्री, अनुभव, पत्ता हे सगळं गूगल फॉर्ममध्ये भरून घेतलेलंच असतं, ते माझ्याकडे आहे, चारचौघात परत वाचायची काय गरज?

बरं, हे सगळं सोडा, लोक निदान ऐकतात तरी का? नाही ऐकत. आणि त्यात त्यांचा दोष नाही. माल्कम ब्रेनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली एक साधा प्रयोग केला होता. लोकांना बसवलं, पाळीपाळीने शब्द मोठ्याने वाचायला लावले आणि नंतर विचारलं काय काय आठवतं. तर आपली पाळी यायच्या अगदी आधी दुसऱ्यांनी जे वाचलं, तेच नेमकं लोकांना आठवेना. कारण मन पाळीच्या तयारीत. आपण ओळखीच्या फेरीत हेच करतो, चाळीस माणसांना चाळीस मिनिटं आपापल्या पाळीची वाट बघायला लावतो, पाळी यायच्या आधी माणूस तयारी करतो आणि झाली की सुटकेचा श्वास सोडून व्हॉट्सॲप उघडतो. त्यात स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा सतत समोर. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलने माणूस इतका का थकतो त्याची कारणं मांडली, त्यात हे एक कारण आहे, की दिवसभर कुणीतरी आरसा धरून आपल्यामागे फिरावं तसं होतं. ज्याला आधीच बोलायची धास्ती आहे त्याला वर स्वतःचा घाबरलेला चेहरा पण बघायचा!

कुणी म्हणेल की एवढं काय ओळखीचं घेऊन बसलात, लोक शिकायला येतात, ओळख करायला नाही. मला हे पटत नाही आणि ऑनलाइन शिक्षणावर ज्यांनी आयुष्य घातलं त्यांनाही पटलेलं नाही. ब्रिटनच्या गिली सॅमन यांनी ऑनलाइन शिकण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यात पहिली म्हणजे लॉगिन होणं आणि टिकून राहायची इच्छा, आणि लगेच दुसरी म्हणजे एकमेकांत मिसळणं. माहितीची देवाणघेवाण तिसरी! आपण दुसरी पायरी गाळून तिसरीवर उडी मारतो आणि मग तक्रार करतो की ग्रुपवर कुणी बोलतच नाही, नुसते "धन्यवाद सर" आणि हात जोडलेले. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात सीमेन्स आणि डाउन्स यांनी जो कोर्स जगाला खुला केला, ज्याच्यावरून मूक (MOOC, म्हणजे हजारोंसाठी खुला ऑनलाइन कोर्स) हे नाव पडलं, त्यात फी भरलेले पंचवीसेक होते आणि फुकट जॉइन झालेले दोन हजारांच्या वर. तिथे एकेक मिनिट ओळख करायची म्हटली असती तर दीड दिवस अखंड परिचयच चालला असता. म्हणजे मोठ्या वर्गात ही पद्धत चालूच शकत नाही, लहान वर्गात ती माणसांना गप्प करते, तर मग ती आपण धरून का बसलोय?

आता माझ्या आवडत्या गोष्टीकडे येते, आणि हिच्यासाठीच मी खरं तर हे व्याख्यान स्वीकारलं. उखाणा.

हसा हसा. पण बघा, चारचौघात नाव सांगायचं आणि ते सांगताना लाजायचंही, मिरवायचंही, ऐकणाऱ्यांनी कान टवकारायचे, यमक जुळलं की "वा वा" करायचं, अडलं की मदत करायची आणि "घ्या हो, नाव घ्या" म्हणून आग्रह करायचा, ही सगळी व्यवस्था आपल्याकडे शेकडो घरांत, पिढ्यान् पिढ्या चालू आहे. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, मंगळागौर, लग्नात घास भरवताना. दोन ओळी. मिनिटसुद्धा लागत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पुढच्या बाईचं कान देऊन ऐकावंच लागतं, कारण तिने आपलंच यमक वापरलं तर काय घ्या! अशी तयार रचना हाताशी असताना आपण बाहेरून आइसब्रेकर आणतो.

फरक मी एकच केलाय. नाव स्वतःचं घ्यायचं. नवऱ्याचं नाही, बायकोचं नाही, स्वतःचं. दोन ओळी, पहिल्या ओळीत तुमच्या आयुष्यातलं काहीतरी, दुसऱ्या ओळीत नाव आणि इथे का आलात ते. यमक जुळलं पाहिजे, ओढूनताणून जुळलं तर अजून छान. पहिला उखाणा माझा असतो, शिकवणाऱ्याने आधी घ्यायचाच, नाहीतर कुणी तोंड उघडत नाही. माझा असा आहे, नावाची जागा रिकामी ठेवते:

बोरूने लिहिते मोडी, शाईने माखतात बोटं,
…… माझं नाव, माझ्या वर्गात कुणी मोठं ना छोटं.

थँक्यू. मग बाकीचे येतात. एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर होते, पहिले दोन तास "मला नाही जमणार ताई" म्हणत होते, आणि मग रात्री साडेअकराला ग्रुपवर टाकलं:

डबल बेल दिली जन्मभर, फाडली तिकिटं हजार,
…… माझं नाव, मोडीचा जडलाय आता आजार.

त्या रात्री ग्रुप झोपलाच नाही. न्यू जर्सीवाल्यांना तिकडे दुपार, त्यांनी लगेच:

इकडे बर्फ पडतोय, तिकडे आंब्याला मोहोर,
…… माझं नाव, शनिवारी रात्री बसतो तुमच्यासमोर.

बडोद्याच्या एका ताईंनी सेव-उसळ आणि "मोडीची तयारी" असं काहीतरी जुळवलं, त्यावर सेव-उसळ म्हणजे मिसळच की नाही यावर ग्रुपवर दोन दिवस भांडण. चालू द्यावं. ते भांडण म्हणजेच ओळख. कारण नंतर कधीही त्या ताई बोलल्या की सगळ्यांना आठवतं, ह्या बडोद्याच्या, ह्या भांडतात छान. कंडक्टर काकांना कुणी नंतर विचारलं नाही तुमचं शिक्षण काय, पण जमिनीच्या कागदात गावांची नावं अडली की सगळे त्यांना विचारायचे, कारण त्यांनी इतकी वर्षं त्या रस्त्यांवर गाडी नेलेली, वाड्यावस्त्या त्यांना पाठ. ही माहिती "नाव, शिक्षण, अनुभव" मध्ये कधीच बाहेर आली नसती. अनुभव म्हणून त्यांनी "एसटी महामंडळ" एवढं सांगितलं असतं आणि पुढचे सर सुरू झाले असते.

आणि एक सांगते, हे जरा गंभीर आहे. एका बॅचला एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी उखाणा दिला:

सासऱ्यांच्या ट्रंकेत सापडले कागद जुने,
…… माझं नाव, वाचता येत नाही हेच तेवढं उणे.

सगळ्यांनी वा वा केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वेगळा मेसेज पाठवला, की मिस्टर गेल्यापासून मला कुणी उखाणा घे म्हटलं नव्हतं. हळदीकुंकवाला बोलावणंच बंद होतं ना! मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणजे जिला उखाणे पाठ होते, जी म्हणे भावकीतल्या लग्नात पंचवीस-पंचवीस घ्यायची, तिचं ते सगळं एका दिवसात बंद झालं, कारण घ्यायला नाव उरलं नाही. आणि स्वतःचं नाव घेता येतं हे कुणाला सुचलं नाही. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा मंगळसूत्र, कुंकू, बांगड्या यावर खूप बोललं गेलं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण हे छोटे छोटे आनंद, उखाणा, फुगडी, हेही त्यात गेलेले असतात. तेव्हापासून मी उखाण्याबाबत हट्टी आहे. लग्न न झालेली मुलगी, घटस्फोट झालेली, नवरा गेलेली, पुरुष, कुणीही असो, उखाणा सगळ्यांचा.

इथे कुणीतरी नेहमी म्हणतं की स्वतःचं नाव स्वतः घेणं बरं दिसत नाही, आपल्या संस्कृतीत नाही. असं कसं म्हणता? तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे, दासी जनी. आपल्या संतांनी प्रत्येक अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घातलं आणि एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरूचं नाव जोडून "एका जनार्दनी" केलं. जनाबाई स्वतःला दासी म्हणून घेते पण नाव सोडत नाही! अजून कसली परंपरा हवीय?

"वयस्कर लोकांना हे पोरकट वाटतं" असंही म्हणतात. मंगळागौरीला जागरण कोण करतं, झिम्मा कोण घालतं, जरा आठवा. पोरकट वाटतं ते चाळिशीतल्या साहेबांना, आणि त्यांनाही फक्त पहिला उखाणा होईपर्यंत.

आता दुसरा खेळ, शिक्का. हा माझ्या विषयातून आलाय म्हणून माझा लाडका. मोडी शिकताना मुद्रा येतेच, आणि सगळ्यांना पाठ असलेली शिवाजी महाराजांची:

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते॥

दोन ओळींत बघा काय काय आहे. कुणाचा मुलगा, नाव काय, पुढे काय व्हायचंय, आणि हे सगळं कशासाठी, तर लोककल्याणासाठी. हुद्दा नाही, पदवी नाही! स्वतःची ओळख याहून नेमकी कुणी करून दिल्याचं मला माहीत नाही. मराठेशाहीतल्या सरदार-कारभाऱ्यांच्या शिक्क्यांत पुढे एक ठरलेला साचा दिसतो, अमक्याच्या "चरणी तत्पर", मग नाव, मग "निरंतर". तर मी वर्गाला सांगते, तुमचा शिक्का तयार करा, तुम्ही कुणाच्या चरणी तत्पर आहात ते सांगा. एका सीएंनी दिला, "जीएसटी रिटर्न चरणी तत्पर, …… निरंतर". एका शिक्षिकेने, "सातवी ब चरणी तत्पर, …… बाई निरंतर". हे कागदावर गोल काढून त्यात लिहायचं, फोटो काढून टाकायचा, चौथ्या आठवड्यात तोच शिक्का मोडीत लिहायचा. म्हणजे ओळख पण झाली आणि गृहपाठ पण.

आणि ह्याला जोडून मोर्तब. महाराजांच्या पत्राच्या शेवटी दुसरा छोटा शिक्का असायचा, "मर्यादेयं विराजते". पत्र इथे संपलं, ह्याच्या खाली कुणी काही घुसडू नये. मी सगळ्यांना सांगते की तुमची मोर्तब पण द्या, म्हणजे तुमची मर्यादा कुठे आहे, वर्गाने तुमच्याकडून कशाची अपेक्षा करू नये. ह्यात लोक जे लिहितात ते इतकं कामाचं असतं! "घरात एकच खोली आहे, कॅमेरा चालू करायला सांगू नका." "आठनंतर सासूबाईंचं औषधपाणी, मी उठून जाईन." "मला वाचता येतं पण मोठ्याने वाचायला लावू नका." हे सरळ विचारलं असतं तर कुणी सांगितलं असतं का? खेळात सांगितलं. आणि एकदा सांगितलं की वर्ग ते पाळतो, कारण मोर्तब झालेली आहे.

हां, चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग उरलेले भराभर घेते, लिहून घ्या.

अस्सल की बनावट. जगभर दोन खरं एक खोटं म्हणून खेळतात तोच. आम्ही त्याला इतिहासाचं रूप देतो, कारण बनावट सनदा ही खरी भानगड असते. प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन वाक्यं द्यायची, एक बनावट, बाकीच्यांनी कोणतं ते ओळखायचं आणि का वाटतं ते सांगायचं. "का" महत्त्वाचं, तिथे वर्ग सुरू होतो.

आवाज. घरातला एक आवाज व्हॉइस नोटवर पाठवा, अर्ध्या मिनिटाचा. कुकरची शिट्टी, गोठा, लोकल, भजन. बाकीच्यांनी ओळखायचं. ज्यांना टाइप करायला त्रास होतो, नेट कमी आहे, कॅमेरा नकोय, त्यांच्यासाठी सगळ्यात चांगला हाच.

हाताला लागलेली वस्तू. बसल्या जागेवरून हात लांब करा, पहिली जी वस्तू येईल तिच्याबद्दल तीन वाक्यं. घर दाखवायला लावू नका, फक्त वस्तू. सगळ्यांचं घर दाखवण्यासारखं नसतं आणि ते दाखवायची सक्ती तर अजिबात नको.

नकाशा. सगळ्यांना लिहिता येईल असा ऑनलाइन नकाशा घ्या, पण "मूळ गाव" विचारू नका. पोहायला कुठे शिकलात, सायकलवरून कुठे पडलात, आयुष्यातली सगळ्यात चांगली भजी कुठे खाल्लीत, तिथे टाचणी लावा. आपोआप गावं येतात, पण ती आठवणींची गावं येतात.

मायना. आपल्यानंतरच्या माणसाला जुन्या पद्धतीने पत्र लिहायचं, राजमान्य राजश्रीपासून बहुत काय लिहिणेपर्यंत, आणि त्यात त्याच्या उखाण्यातलं काहीतरी विचारायचं. हा दुसऱ्या आठवड्यात घ्या, पहिल्या दिवशी जड जातो. तुमचा कोर्स बेकिंगचा असेल तर मायन्याऐवजी रेसिपी लिहून घ्या, "मी म्हणजे दोन वाट्या हट्ट, चिमूटभर आळस". कोडिंगचा असेल तर काय ते तुम्हाला माझ्याहून चांगलं कळेल. मुद्दा एवढाच की खेळ कोर्सच्या विषयातून यायला हवा, नाहीतर तो बाहेरून चिकटवलेला दिसतो आणि लोकांना कळतं.

जोडी. ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे मीटिंगमधल्याच वेगळ्या छोट्या खोलीत, दोघांना पाच मिनिटं द्या, मग प्रत्येकाने दुसऱ्याची ओळख करून द्यायची. स्वतःबद्दल बोलायला जे लाजतात ते दुसऱ्याबद्दल छान बोलतात. आणि पाळीच्या धास्तीने कान बंद होतात ते इथे होत नाहीत, कारण न ऐकून सांगणार काय?

आता नियम, पटकन. वीसच्या वर माणसं असतील तर पाच-सहाचे गट पाडा, चाळिसांना एकत्र कधीच नको. लाइव्ह मीटिंगमध्ये करायचंच असं नाही, आधीच्या आठवड्यात ग्रुपवर करा आणि मीटिंगमध्ये फक्त गाजलेले वाचा, झूमची चाळीस मिनिटं शिकवायला ठेवा. प्रत्येकाने निदान दोघांना उत्तर द्यायचं, नुसते अंगठे नाहीत, एक वाक्य किंवा एक प्रश्न. हा नियम सोडलात तर बाकी सगळं वाया, कारण आपण काहीतरी मांडलं आणि कुणी बोललंच नाही, ह्याच्यापेक्षा वाईट पहिला दिवस नाही. ज्याला उत्तर आलं नाही त्याला शिकवणाऱ्याने त्याच दिवशी द्यायचं. "पास" म्हणायची मुभा ठेवा, का ते विचारू नका. नंबर, बक्षीस, बेस्ट उखाणा स्पर्धा बिलकुल नको, परत उतरंड लावायची नाहीये आपल्याला. आणि पुढच्या तासांना ह्या ओळखी वापरा, उदाहरणात घ्या, गट पाडताना घ्या.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तेवढा घेते आणि खरंच थांबते. विचारलंय, उशिरा जॉइन होणाऱ्यांचं काय करायचं. त्यांना मागचे उखाणे एका पीडीएफमध्ये पाठवा आणि सांगा की यातल्या कुठल्याही एका उखाण्यातला शेवटचा शब्द घेऊन स्वतःचा जुळवा. नव्या माणसाचं काम होतं, आणि ज्याचा शब्द उचलला त्याला लगेच कळतं की आपलं कुणीतरी वाचलंय, मग तोच त्या नव्या माणसाला ग्रुपवर हाताशी धरतो. तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. पीडीएफ मात्र मोबाइलवर उघडेल अशी, मोठ्या अक्षरात करा, आजींना झूम करून वाचायला लावू नका.